नर्मदेकाठच्या समुद्राचे बारसे

१८५७ च्या ऑक्टोबरअखेर इंग्रजी फौज धारच्या किल्ल्यात शिरली. पवारांचे राज्य खालसा झाले आणि १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून ते अल्पवयीन आनंदरावांना परत मिळाले. शेजारच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १८५८ च्या फेब्रुवारीत इंदुरात फाशी दिले गेले आणि त्यांचा मुलूख शिंद्यांकडे गेला. मराठी वाचकाला माळव्याचा हा काळ बखरींतून, पत्रव्यवहारातून, गॅझेटियरमधून ठाऊक आहे. मात्र त्याच दशकात त्याच मुलखातून मुंबईला पोचलेल्या काही दगडांची कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही. त्या दगडांत शिंपले होते, काटेरी गोल कवचे होती आणि खोल समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या धार प्रदेशाचा एक संपूर्ण समुद्र होता.

दगड धाडणारे अधिकारी रिचर्ड हार्ट कीटिंग. ते निमाडात राजकीय कामावर होते. पुढे चंदेरीच्या लढाईबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि १८७४ मध्ये ते आसामचे पहिले चीफ कमिशनर झाले. दगड मिळाले ते चिराखान नावाच्या लहानशा गावाजवळ. मुंबईत ते पाहणारे होते डॉ. हेन्री जॉन कार्टर. पेशाने शल्यवैद्य, पण स्पंज आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या अभ्यासासाठी जगभर नाव असलेले. कार्टरांनी ओळखले की हे खाऱ्या पाण्यातले प्राणी आहेत आणि ते चाकखडूच्या युगातले, म्हणजे क्रिटेशस काळातले आहेत.

या शोधाचे मोल कळायला धारचा भूगोल डोळ्यांपुढे हवा. धार शहर आणि देवासची टेकडी दोन्ही काळ्या बसाल्टच्या पठारावर आहेत. ज्या लाव्हाने महाराष्ट्राचा सह्याद्री उभा केला तोच लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मांडूहून दक्षिणेला विंध्याची कड उतरली की निमाड लागतो आणि नैर्ऋत्येला मनावर, कुक्षी, बाग या बाजूला लाव्हाची चादर नदीनाल्यांनी कापून काढलेली दिसते. त्या कापांत लाव्हाच्या खालचे थर उघडे पडतात. तळाला वालुकाश्म, वर गाठाळ चुनखडक, त्यावर मातकट चुना, सगळ्यांत वर तांबूस-पिवळा दाणेदार चुनखडक. भूशास्त्रात यांना बागचे थर म्हणतात. बागची प्रसिद्ध बौद्ध लेणी यांतल्याच तळाच्या वालुकाश्मात खोदलेली आहेत. त्या लेण्यांचा पहिला इंग्रजी वृत्तांत १८१८ मध्ये लिहिणारे लेफ्टनंट डेंजरफील्ड हेच पुढे सर जॉन माल्कम यांच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथासाठी माळव्याचे भूवर्णन करणारेही होते. रंगवलेल्या भिंतींकडे आणि त्या भिंतींच्या दगडाकडे एकाच माणसाचे लक्ष गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१८६५ मध्ये लंडनला पी. मार्टिन डंकन यांनी बागच्या सी-अर्चिनचे, म्हणजे काटेरी गोल कवचाच्या प्राण्यांचे वर्णन छापले. त्याच लेखात अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरचे तसलेच जीवाश्मही होते आणि दोन्हींमधले साम्य उघड होते. १८६९ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यावरचा मोठा अहवाल आला. त्यातून चित्र स्पष्ट झाले. बागचे प्राणी तिरुचिरापल्लीकडच्या त्याच युगातल्या प्राण्यांशी जुळत नाहीत, ते पश्चिमेकडच्यांशी जुळतात. म्हणजे दक्षिणेतला समुद्र वेगळा आणि हा वेगळा. पश्चिमेकडून एक खाडी आजच्या नर्मदेच्या रेषेत आत शिरली होती आणि धार जिल्ह्याचा दक्षिण भाग तिच्या उथळ पाण्याखाली होता.

या खाडीचा पहिला बारकाईचा हिशेब मांडला तो एका भारतीयाने. प्रमथनाथ बोस १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आले. त्या खात्यात अधिकारी श्रेणीत नेमल्या गेलेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी ते होते. त्यांच्या हाती नर्मदेचे खोरे आले. १८८४ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालाची हद्द होती नेमावर ते कवांट. नेमावर आज देवास जिल्ह्यात आहे, कवांट गुजरातेत. एवढ्या लांबीच्या पट्ट्यात त्यांनी थर वेगळे केले आणि त्यांना नावे दिली: निमाड वालुकाश्म, गाठाळ चुनखडक, देवला व चिराखानचा मातकट चुना आणि प्रवाळी चुनखडक. शेवटचे नाव आधीपासून रूढ होते. तो खडक प्रवाळांचा नसून ब्रायोझोआ नावाच्या, वसाहती करून राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांच्या सांगाड्यांचा आहे. पण रूढ नाव सुटले नाही. थरांच्या वयावरून बोस आणि डंकन यांचे जमले नाही आणि १८८७ मध्ये डंकन यांनी पुन्हा लेखणी उचलून आपले मत मांडले. बोस यांनी पुढे १९०३ मध्ये नोकरी सोडली, मयूरभंजातले लोहखनिज शोधले आणि १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना त्याबद्दल पत्र लिहिले. जमशेदपूरच्या जन्मकथेत ते नाव येते; नर्मदेकाठी त्यांनी तरुणपणी केलेल्या कामाची आठवण मात्र भूशास्त्राच्या वर्गाबाहेर निघत नाही.

याच सुमारास धार दरबारातही दगडांचे वाचन जोरात चालले होते. शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले आणि त्यांचे सहकारी परमारकालीन शिलालेख शोधत, उतरवून घेत होते. मराठी संस्थानी विद्वत्तेचे ते उजळ पान आहे. त्या काळी अक्षरांच्या दगडांना धारमध्ये वाचक होते, शंखांच्या दगडांना कलकत्ता आणि लंडनला जावे लागे. आपल्याच पायाखालच्या या समुद्राला मराठी वाचक मिळायला अजून तीस वर्षे होती.

आता मुख्य प्राण्याकडे येऊ. १९०७ च्या सुमारास सर्वेक्षणातील अर्नेस्ट व्रेडेनबुर्ग यांनी बागच्या अमोनाइटांवर लेख लिहिला. अमोनाइट म्हणजे माकूल आणि नॉटिलस यांच्या कुळातला, कवचात राहणारा, आता नामशेष झालेला सागरी प्राणी. आपल्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामातली चक्राकार खूण याच कुळाची असते. व्रेडेनबुर्ग यांनी बागच्या अमोनाइटांत नव्या जाती पाहिल्या आणि त्यांना नावे दिली. एकीला तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्यावरून प्लॅसेंटिसेरास मिंटोई. दुसरीला शिंद्यांवरून सिंदिए, कारण बागचा मुलूख ग्वाल्हेर संस्थानाच्या अमझेरा जिल्ह्यात होता. तिसरीला प्रमथनाथ बोस यांच्यावरून बोसेई. शेवटच्या दोघींसाठी त्यांनी नर्मदेच्या नावाने नामाडोसेरास असा नवा गटही उभारला. राज्यकर्ता, संस्थानिक, आधीचा संशोधक आणि नदी: त्या वेळच्या माळव्याची सारी सत्तारचना एका लहान लेखाच्या नावांत उतरली.

हा प्राणी दिसायला कसा? कवच भाकरीसारखे चपटे आणि गोल. बाहेरचा वेढा आतल्या वेढ्यांना जवळजवळ झाकून टाकतो, म्हणून मधला खळगा, नाभी, अरुंद राहते. कडा धारदार नसून अरुंद आणि सपाट असते. नाभीच्या काठाने आणि बाहेरच्या कडेजवळ उंचवट्यांच्या ओळी असतात. काही नमुन्यांत त्या ठसठशीत, काहींत जेमतेम जाणवणाऱ्या. कवचाच्या आत पडदे टाकून अनेक कप्पे केलेले असतात. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राहतो, मागचे कप्पे त्याला तरंगायला उपयोगी पडतात. पडदा जिथे बाहेरच्या भिंतीला चिकटतो तिथे वेलबुट्टीसारखी नागमोडी रेघ उमटते. या कुळात ती रेघ विलक्षण गुंतागुंतीची असते आणि ओळख पटवायला सर्वांत भरवशाची.

पण उंचवटे ठसठशीत असलेला नमुना आणि गुळगुळीत नमुना या दोन जाती मानायच्या की एकाच जातीची दोन रूपे? सगळा वाद इथे आहे. तो समजायला जिवंत खेकड्याचे उदाहरण बरे पडेल. कोकणातली कोळीण चिंबोरी उलटी करते आणि पोटाखालचा पडदा पाहून क्षणात सांगते: अरुंद असला तर नर, रुंद असला तर मादी. शास्त्रज्ञही खेकड्याची जात ठरवताना कवचाची रुंदी, कपाळावरचे दाते, कवचाच्या कडेचे काटे, नांग्यांवरचे कंगोरे पाहतो आणि नर-मादी वेगळी पारखतो. तरीही घोटाळे होतात. आपल्या बाजारात येणाऱ्या खाजणातल्या मोठ्या चिंबोरीला फोर्स्कालने १७७५ मध्ये दिलेल्या नावावरून दीर्घ काळ सिला सेराटा म्हटले गेले. १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्या एका नावाखाली जगभरात चार वेगळ्या जाती वावरत होत्या. जिवंत प्राणी हातात असताना दोनशे वर्षे लागली. दगड झालेल्या अमोनाइटाचे पोट पाहायला मिळत नाही, लिंग फक्त कवचाच्या मापावरून आणि नक्षीवरून तर्काने ठरवावे लागते. तिथे जाती जास्त धरल्या जाणे किंवा कमी धरल्या जाणे, दोन्ही सहज घडते.

मराठी वाचक आले ते १९३०च्या दशकात. प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठात होते. १९३७ मध्ये बागच्या सी-अर्चिनवर त्यांचा लेख आला, मग ब्रॅकिओपॉड या शिंपल्यासारख्या दुहेरी कवचाच्या प्राण्यांवर, १९३९ मध्ये शिंपल्यांवर आणि १९४१ मध्ये अमोनाइटांवर. एकेक प्राणिगट हातात घ्यायचा, प्रत्येक नमुना मापायचा, जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचा आणि मगच पुढचा गट घ्यायचा, अशी ती रीत होती. पुढे ते पुण्याला महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये आले. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर ज्या संस्थेचे पहिले संचालक होते आणि जिचे आज आघारकर संशोधन संस्था असे नाव आहे, तीच ही. तिथे आर. एम. बडवे आणि एम. ए. घारे यांच्यासोबत त्यांनी बागचे काम पुन्हा सुरू केले. १९७०च्या दशकात कालवे, शंख, अमोनाइट असे लेखामागून लेख निघाले आणि १९७७ मध्ये या सगळ्याचा आढावा पुण्यातूनच निघणाऱ्या बायोविज्ञानम् या नियतकालिकात छापला गेला. घारे आणि चिपळूणकर यांनी अमोनाइटांत माळव्याच्या आणि बागच्या नावाने नवे गटही सुचवले. नर्मदेच्या खाडीचे काम लॉ कॉलेज रस्त्यावर बसून इतक्या निष्ठेने झाले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

पुणेकरांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा भाग प्राण्यांच्या अवशेषांचा नाही, त्यांच्या बिळांचा आहे. चिपळूणकर आणि बडवे यांनी १९७० च्या सुमारास बागच्या थरांतल्या खुणांवर, म्हणजे प्राण्यांनी चिखलात उमटवलेल्या वाटा, घरे, कुरणे यांवर लिहायला सुरुवात केली. भारतात तेव्हा असल्या खुणांकडे फारसे कोणी बघत नव्हते. गाठाळ चुनखडकात काठीएवढ्या जाडीच्या, इंग्रजी वाय आकाराने फुटणाऱ्या, जोडाच्या जागी फुगलेल्या नळ्यांचे जाळे दिसते. या बिळांना थॅलॅसिनॉइडीस म्हणतात; हे नाव ऑस्ट्रियाचे कुर्ट एरेनबर्ग यांनी १९४४ मध्ये दिले. आजच्या किनाऱ्यांवर अशीच फाटे फुटलेली बिळे खेकड्यांचे आणि झिंग्यांचे दशपाद भाऊबंद खणतात: चिखलात राहणारा घोस्ट श्रिम्प आणि त्याचे जवळचे नातलग. फुगलेला जोड ही वळायची जागा. बिळात मागे परतताना प्राण्याला तिथे अंग फिरवता येते. काही बिळांच्या भिंतींना चिखलाच्या गोळ्यांचा गिलावा असतो. त्यांचे नाव निराळे, ऑफिओमॉर्फा. जिथे चिखल स्वतःहून टिकून राहतो तिथे साधे बीळ आणि जिथे वाळू ढासळते तिथे गिलावा. बीळ पाहून तळ किती घट्ट होता हे सांगता येते.

या खणणाऱ्यांच्या अंगाचे काही क्वचितच मिळते. त्यांची नांगी तेवढी चुन्याने टणक असते, बाकीचे कवच पातळ, मेल्यावर विरून जाणारे. म्हणून शास्त्राने बिळाला स्वतंत्र नाव देण्याची सोय केली आहे. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ही गोष्ट स्पष्ट आहे: बिळाचे नाव आणि प्राण्याचे नाव एकमेकांशी स्पर्धा करीत नाहीत. उद्या त्याच बिळात नांगी सापडली तरी दोन्ही नावे आपापल्या जागी राहतील. मला ही व्यवस्था मोठी न्याय्य वाटते. जे प्रत्यक्ष दिसते त्याला नाव. जे फक्त तर्काने कळते ते तर्क म्हणूनच नोंदवायचे. चिपळूणकर-बडवे यांची वर्णने याच शिस्तीची आहेत: व्यास, फाट्यांचा कोन, भिंत गुळगुळीत की खडबडीत, आत भरलेला गाळ भोवतालच्या खडकापेक्षा वेगळा की तसाच. प्राणी कोणता, हे शेवटी, सावधपणे.

अमोनाइटांच्या नावांचे पुढे काय झाले? २००२ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील सुभेंदु बर्धन आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी लेख छापला. बागचे अनेक नमुने एकत्र मांडून त्यांनी म्हटले की व्रेडेनबुर्ग आणि चिपळूणकर यांनी वेगळ्या धरलेल्या प्लॅसेंटिसेरासच्या जाती या एकाच जातीची रूपे आहेत. मोठे कवच मादीचे, लहान नराचे, आणि नक्षीतला फरक एका कुटुंबातला. ती एकच जात म्हणजे प्लॅसेंटिसेरास काफ्रारियम, जिचे वर्णन रॉबर्ट एथरिज यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलुलँडच्या नमुन्यावरून १९०४ मध्ये केले होते. नावांच्या नियमात आधीचे नाव टिकते. एथरिज काही वर्षे आधी छापले गेले, म्हणून मिंटो, शिंदे आणि बोस यांची नावे एका झटक्यात मागे पडली.

पण या जुळणीतून जे हाती आले ते नावांपेक्षा मोठे होते. हा अमोनाइट किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा होता, खोल महासागर ओलांडणारा नव्हता. तो आफ्रिकेच्या दक्षिणेला, मादागास्करला आणि नर्मदेच्या खाडीत सापडतो, तर या भूभागांमध्ये तेव्हा फार रुंद महासागर नसावा. भारत मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटला. बागचे हे थर ट्युरोनियन-कोनियाशियन काळातले, साधारण ९ कोटी वर्षांच्या आसपासचे. लेखकांनी या प्राण्याला मोजपट्टी म्हणून वापरले आणि भारत तोवर किती दूर सरकला असेल याचा अंदाज मांडला. त्याआधी २००० मध्ये बर्धन आणि गंगोपाध्याय यांनी बागच्याच थरांतून बॅरोइसिसेरास या मादागास्करच्या ओळखीच्या अमोनाइटाची नोंद केली होती. डंकन यांनी १८६५ मध्ये अरबस्तानकडे बोट दाखवले होते, तीच दिशा सव्वाशेहून अधिक वर्षांनी अधिक नेमकी झाली.

आज मनावर-बाग-कुक्षी हा पट्टा डायनोसॉरच्या अंड्यांमुळे बातम्यांत येतो. समुद्र ओसरल्यावर आणि लाव्हा येण्याआधी ज्या जमिनीवर डायनोसॉर घरटी करत, ते लामेटा थर बागच्या थरांच्या वरचे. २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि मनावरचे विशाल वर्मा यांनी इथून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. पाडल्या गावातले लोक असल्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून शेताच्या रक्षणासाठी पूजत आले आहेत. अंड्यांचा गाजावाजा रास्तच आहे. पण त्याच शेतातून दोन-चार पावले खाली उतरले की बिळांचा, शिंपल्यांचा आणि कपचीसारख्या चपट्या अमोनाइटांचा थर लागतो आणि शाळकरी मुलांना तो दाखवणारी मंडळी फार थोडी आहेत.

मिंटोचे नावही पुरते पुसले गेलेले नाही. बनारस हिंदू विद्यापीठातच, जिथे चिपळूणकरांनी अमोनाइट मापले होते, ए. के. जेटली आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये प्लॅसेंटिसेरास मिंटोई हेच नाव धरून, गाठाळ चुनखडकातल्या ट्युरोनियन पातळीला जोडून त्यावर टिपण छापले. मिंटोई आणि काफ्रारियम एकच की दोन, याचा निकाल नमुना नेमक्या कोणत्या थरातला आहे यावर अडतो; आणि थर ओळखण्यासाठी आजही कामी येते ती प्रमथनाथ बोसांनी नेमावर ते कवांट आखलेली १८८४ ची क्रमवारी.